चालू आहे की अडकलंय? तासन्‌तास चालणाऱ्या डेटाबेस कामांची प्रगती तपासताना

लक्षण असं: इंडेक्स (टेबलात पटकन शोधता यावं म्हणून बांधलेली सूची) बांधायला लावला की टक्केवारी छान चढते, शंभरला पोहोचते, मग एकदम शून्यावर येते. पुन्हा चढते आणि तिथेच थिजते. तासभर, दोन तास, उजाडेपर्यंत. शेवटी कोणीतरी वैतागून सेशन मारतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच इंडेक्स, तोच प्रकार. आमच्याकडे हे तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मारायच्या आधी मी हात आवरला आणि नीट बघितलं, त्यातून ही पोस्ट.

डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल. टेबल साधारण ३०० जीबीचं, दिवसरात्र त्यात भर पडणारं, त्यामुळे इंडेक्स कन्करंटलीच, म्हणजे टेबलात लिहिणं न थांबवता, बांधायचा हे ठरलेलं. (नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग.) आमच्या स्क्रीनवरचा टक्का कोणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलेल्या क्वेरीतून यायचा. पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_क्रिएट_इंडेक्स या व्ह्यूमधला (व्ह्यू म्हणजे क्वेरी करून बघता येणारा तयार तक्ता) ब्लॉक्स_डन घ्यायचा, ब्लॉक्स_टोटलने भागायचा, शंभरने गुणायचा. गणितात चूक काही नाही. पण हा टक्का नेमका कशाचा, हे कोणी विचारलंच नव्हतं.

तो चालू टप्प्याचा असतो, अख्ख्या कामाचा नाही. कन्करंटली बांधताना आधी या टेबलात लिहीत असलेली ट्रान्झॅक्शन्स (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे व्यवहार) संपायची वाट बघितली जाते. मग टेबल वाचून, सॉर्ट करून इंडेक्स बांधला जातो. मग पुन्हा लिहिणाऱ्यांची वाट. त्यानंतर पडताळणी: इंडेक्स वाचायचा, सॉर्ट करायचं, आणि टेबल दुसऱ्यांदा पहिल्या ब्लॉकपासून वाचून मधल्या काळात आलेले रेकॉर्ड इंडेक्समध्ये घालायचे. टेबल दोनदा वाचलं जातं, म्हणून टक्का शंभरवरून शून्यावर येतो. तो बिघाड नाही, दुसरी फेरी सुरू झालेली असते. ही फेरी संपली की शेवटचा टप्पा येतो, 'वेटिंग फॉर ओल्ड स्नॅपशॉट्स'. इथे मोजायला ब्लॉकच नसतात. कोणाची तरी वाट बघायची, बस.

हे सगळं त्याच व्ह्यूच्या फेज कॉलममध्ये लिहिलेलं असतं. आमच्या स्क्रीनवर तो कॉलम घेतलाच नव्हता.

चौथ्या रात्री अकराला इंडेक्स लावला होता, दोनच्या सुमारास तो थिजला. साडेचारला मी व्ह्यू थेट उघडला तेव्हा समोर होतं: फेज, वेटिंग फॉर ओल्ड स्नॅपशॉट्स. लॉकर्स_टोटल ३, लॉकर्स_डन २, करंट_लॉकर_पीआयडी २१८७४. म्हणजे तिघांची वाट बघायची होती, दोघं गेले, एक उरलाय, आणि त्याचा नंबरही हातात दिलाय. तो नंबर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत शोधला. एका रिपोर्टिंग टूलचं सेशन, स्टेट 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', एक्सअ‍ॅक्ट_स्टार्ट आदल्या संध्याकाळी ५:४०. रिपीटेबल रीडमध्ये (म्हणजे डेटाचं सुरुवातीचं एकच चित्र, स्नॅपशॉट, शेवटपर्यंत धरून ठेवणारं) ट्रान्झॅक्शन उघडलं, आकडे बघितले, आणि खिडकी तशीच उघडी टाकून माणूस निघून गेला. सेशन संपवलं. अडीच तास गोठलेला इंडेक्स दोन सेकंदांत पूर्ण झाला.

त्या सेशनने आमच्या टेबलाला हातही लावला नव्हता. या टप्प्यात कोण कोणतं टेबल वाचतंय याला महत्त्व नाही. त्याच डेटाबेसमध्ये जुना स्नॅपशॉट धरून बसलेलं कुठलंही ट्रान्झॅक्शन पुरतं. ओळखायचं बॅकएंड_एक्समिन या कॉलमवरून: तो भरलेला असेल तर स्नॅपशॉट धरलाय. साध्या रीड कमिटेडमध्ये (इथे प्रत्येक क्वेरीला नवा स्नॅपशॉट मिळतो) नुसतं बिगिन करून आरामात बसलेलं सेशन सहसा इथे आड येत नाही. पण त्याने बसण्यापूर्वी याच टेबलात एखादं अपडेट केलं असेल, तर आधीच्या 'वेटिंग फॉर रायटर्स' टप्प्यात ते नक्की आडवं येतं. दोन्हीची लक्षणं बाहेरून एकसारखी, म्हणून आधी फेज वाचायची आणि मग दोषी शोधायचा.

एक इशारा. तो लॉकर कधीकधी रात्रीचा पीजी_डंप, म्हणजे बॅकअपच, असतो. तोही रिपीटेबल रीडमध्येच चालतो आणि मोठ्या डेटाबेसवर तासन्‌तास. इंडेक्स वाचवायला बॅकअप मारू नका. दोघांच्या वेळा वेगळ्या करा आणि त्या रात्रीपुरतं थांबा.

रिपोर्टिंगच्या रोलवर आता आम्ही आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावला आहे. ही सोय ९.६ पासून आहे आणि रोलनिहाय लावता येते. पूर्ण सर्व्हरवर लावायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही, कारण काही जुनी ॲप्लिकेशन्स ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट बघतात. ते वाईट आहे, पण ते दुखणं वेगळं.

एका आकड्यावर विश्वास नको, दोन घ्या

वरचा किस्सा वाट बघण्याचा होता. सगळीच रखडलेली कामं वाट बघत नसतात. काही खरोखर चालू असतात, फक्त गोगलगाईच्या वेगाने. हे एका नजरेत कळत नाही. एकच आकडा घेऊन कोणी विचारलं की '३६ टक्के आहे, किती वेळ लागेल?', तर खरं उत्तर 'सांगता येत नाही' हेच. एका मिनिटाने दुसरा आकडा घ्या.

उदाहरण एका व्हॅक्यूमचं, म्हणजे टेबलातले मेलेले (बदललेले किंवा पुसलेले जुने) रेकॉर्ड साफ करणाऱ्या कामाचं. ८ केबीचा एक ब्लॉक धरला तर ३०० जीबीच्या टेबलात ३,९३,२१,६०० ब्लॉक होतात. हाच हीप_ब्लॉक्स_टोटल (हीप म्हणजे खुद्द टेबल). पहिल्या वाचनात हीप_ब्लॉक्स_स्कॅन्ड १,४२,१०,०००. साठ सेकंदांनी १,४२,५८,०००. फरक ४८,०००, म्हणजे सेकंदाला ८०० ब्लॉक, म्हणजे सव्वासहा एमबीच्या आसपास. उरलेले २,५०,६३,६०० ब्लॉक याच वेगाने गेले तर ५२२ मिनिटं, पावणेनऊ तासांच्या जवळपास. आता विचारणाऱ्याला काहीतरी सांगता येतं. आणि स्वतःलाही एक प्रश्न पडतो: ज्या डिस्कवरून एरवी सेकंदाला शेकडो एमबी वाचलं जातं, तिथे हे काम सहा एमबीने का रांगतंय?

हात दुखेपर्यंत क्वेरी मारत बसायची गरज नाही. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन टूलमध्ये क्वेरीखाली बॅकस्लॅश-वॉच ६० लिहिलं की ती दर मिनिटाला आपोआप चालते. मी त्याहून पुढे जाऊन एक साधं टेबल करून ठेवलंय. दर मिनिटाला प्रोग्रेस व्ह्यूमधले सगळे रेकॉर्ड वेळेसकट त्यात घातले जातात. हे करायचं कारण असं की काम संपलं की त्याचा रेकॉर्ड व्ह्यूमधून त्याच क्षणी नाहीसा होतो. सकाळी येऊन 'रात्री ते कुठपर्यंत गेलं होतं?' हे विचारायला कोणी उरलेलं नसतं. इतिहास ठेवला तर मागच्या महिन्यात हेच काम कोणत्या टप्प्यात किती वेळ होतं ते कळतं, आणि अंदाज सांगताना ती नोंद कुठल्याही सूत्रापेक्षा कामाला येते.

व्हॅक्यूम: इथे फसायला सगळ्यात जास्त वाव

व्हॅक्यूमचा प्रोग्रेस व्ह्यू सगळ्यांत जुना, ९.६ मधला, २०१६ सालचा. तरीही सर्वांत जास्त गैरसमज याच्याबद्दल. 'व्हॅक्यूम ४२ टक्क्यांवर तासभर अडकलाय' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंडेक्स_व्हॅक्यूम_काउंट किती आहे?

व्हॅक्यूम टेबल वाचत जातो आणि मेलेल्या रेकॉर्डचे पत्ते मेमरीत गोळा करत जातो. मेमरी भरली की टेबल वाचणं थांबतं, आणि टेबलावरचे सगळे इंडेक्स, प्रत्येक पूर्ण, वाचून त्यातून ते पत्ते काढले जातात. मग टेबलातली ती जागा मोकळी होते आणि वाचन जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. इंडेक्स साफ होत असताना हीप_ब्लॉक्स_स्कॅन्ड हलतच नाही. तो फक्त 'स्कॅनिंग हीप' टप्प्यातच वाढतो. टेबलावर आठ-दहा इंडेक्स असतील आणि त्यातला एखादा खुद्द टेबलाएवढा फुगलेला असेल, तर ४२ टक्क्यांवर तास काढणं काहीच विशेष नाही.

आवृत्ती १६ पर्यंत प्रत्येक पत्ता ६ बाइट घ्यायचा. मेंटेनन्स_वर्क_मेम हे या मेमरीचं सेटिंग मूळच्या ६४ एमबीवर असेल तर एका खेपेला सुमारे १ कोटी ११ लाख पत्ते मावतात. टेबलात ९ कोटी मेलेले रेकॉर्ड असतील तर सगळे इंडेक्स नऊ वेळा वाचले जाणार. त्या आवृत्त्यांत मॅक्स_डेड_टपल्स आणि नम_डेड_टपल्स हे दोन कॉलम शेजारी ठेवून बघा, पुढची इंडेक्स-फेरी कधी येणार ते आधीच दिसतं. इंडेक्स_व्हॅक्यूम_काउंट १ च्या वर गेला म्हणजे मेमरी कमी पडतेय. माझ्या मते या व्ह्यूमधला सगळ्यात कामाचा आकडा हाच आहे, टक्का नव्हे. त्याने फक्त 'किती झालं' कळत नाही, पुढच्या वेळी काय बदलायचं तेही कळतं: मेमरी वाढवा. फक्त लक्षात ठेवा, १६ पर्यंत व्हॅक्यूम यासाठी १ जीबीपेक्षा जास्त वापरतच नसे, त्यामुळे ८ जीबी लिहून उपयोग नव्हता. १७ मध्ये पत्ते साठवायची पद्धतच बदलली, ती मर्यादा गेली, आणि व्ह्यूमध्ये इंडेक्सेस_टोटल, इंडेक्सेस_प्रोसेस्ड हे कॉलम आले. कितवा इंडेक्स चालू आहे हे आता निदान दिसतं. ते कॉलम पहिल्यांदा बघितले तेव्हा हायसं वाटलं होतं.

वेग कमी असण्याचं दुसरं कारण मुद्दाम लावलेला ब्रेक. हाताने चालवलेल्या व्हॅक्यूमला तो मुळात नसतो, डेटाबेस आपणहून चालवतो त्या ऑटोव्हॅक्यूमला असतो. ठरावीक खर्चाचं काम झालं की ते काही मिलिसेकंद झोपतं. मूळ झोप आवृत्ती १२ मध्ये २० वरून २ मिलिसेकंदांवर आणली. खर्चाची मर्यादा मात्र २०० च राहिली, आणि ती सगळ्या वर्करमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या ऑटोव्हॅक्यूम प्रोसेसमध्ये) वाटली जाते. म्हणून 'ऑटोव्हॅक्यूम मागे पडतोय, वर्कर तीनाचे सहा करू' हा उपाय फसतो. पाणी तेवढंच, पेले दुप्पट. वाढवायची ती मर्यादा. आवृत्ती १६ पासून कॉन्फिग रीलोड केलं की चालू असलेला ऑटोव्हॅक्यूमसुद्धा नवा वेग धरतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत हातातलं टेबल संपेपर्यंत जुनाच वेग चालायचा, त्यामुळे 'सेटिंग बदललं तरी काही फरक नाही' ही तक्रार त्या काळी खरी होती.

तिसरा प्रकार फसवा आहे. रोज बघावं तर व्हॅक्यूम चालू. रोज पन्नास-साठ टक्के. पण पूर्ण झाल्याची नोंद कुठेच नाही. हे एकच काम चालू नसतं, रोज नव्याने सुरू होत असतं. साध्या ऑटोव्हॅक्यूमच्या आड कोणी टेबलावर जड लॉक मागितला, उदाहरणार्थ टेबलाची रचना बदलणारा एखादा अल्टर टेबल, की तो मूळ सेटिंगमध्ये सेकंदाभरात माघार घेतो. लॉगमध्ये 'कॅन्सलिंग ऑटोव्हॅक्यूम टास्क' असं लिहिलेलं सापडतं. आमच्याकडे एकदा पार्टिशन सांभाळणारी एक स्क्रिप्ट दर रात्री असा लॉक मागायची. व्हॅक्यूम सहा दिवस साठ टक्क्यांपर्यंत जाऊन घरी परतत होता. ओळखायची खूण म्हणजे पीआयडी. कालचा आणि आजचा पीआयडी वेगळा असेल तर कालचं काम मेलेलं आहे. अपवाद ट्रान्झॅक्शन आयडी गुंडाळी (आयडीचे आकडे संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं) टाळण्यासाठी चालणाऱ्या व्हॅक्यूमचा. तो अशी आपणहून माघार घेत नाही, उलट बाकीच्यांना ताटकळत ठेवतो.

आणि व्हॅक्यूम फुल लावून कोणी व्हॅक्यूमच्या व्ह्यूत शोधत असेल तर तिथे काहीच सापडणार नाही. नाव व्हॅक्यूम असलं तरी ते काम टेबल नव्याने लिहिण्याचं आहे. त्याची नोंद पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_क्लस्टरमध्ये होते.

जिथे व्ह्यूच नाही

कॉलमचा प्रकार बदलणारा अल्टर टेबल सगळं टेबल पुन्हा लिहितो, आणि त्या लिहिण्यासाठी प्रगतीचा व्ह्यू नाही. कामाच्या शेवटी इंडेक्स पुन्हा बांधले जातात. मधल्या अंधाऱ्या भागात मी डिस्ककडे बघते. पोस्टग्रेस टेबलाची फाइल १ जीबीच्या तुकड्यांत ठेवतो. डेटाबेसच्या डिरेक्टरीत एक नवा नंबर दिसतो आणि त्याच्यामागे .१, .२, .३ असे तुकडे वाढत जातात. जुन्या टेबलाचे तीनशे तुकडे, नव्याचे एकशे ऐंशी झालेत, तर अंदाज तुम्हीच बांधा. टेबल फुगलेलं असेल तर नवं त्यापेक्षा लहान होणार, म्हणजे काम अंदाजाच्या आधी संपेल. ही चूक परवडते.

डंप परत चढवताना पीजी_रिस्टोअर काही टक्का सांगत नाही. १४ पासून पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_कॉपी आहे, पण डेटा पाइपमधून येत असल्यामुळे बाइट्स_टोटल तिथे ० दिसतो. घाबरू नका, त्याला एकूण माहीतच नसतं. टपल्स_प्रोसेस्ड घ्या आणि मूळ डेटाबेसमधल्या रेकॉर्डच्या संख्येशी ताडून बघा.

बेस बॅकअप (सर्व्हरच्या सगळ्या फाइलींची प्रत) पहिली काही मिनिटं शून्यावर राहतो. तो चेकपॉइंटची (मेमरीतले बदल डिस्कवर लिहिण्याची) वाट बघतो, आणि चेकपॉइंट मुद्दाम सावकाश, पसरून चालतो. घाई असेल तर फास्ट चेकपॉइंट मागा. उलट बाजूला, वॉल (डब्ल्यूएएल, प्रत्येक बदलाची नोंदवही) सोबत न घेता बॅकअप काढत असाल आणि सगळं लिहून झाल्यावर तो थांबलेला दिसला, तर पीजी_स्टॅट_आर्कायव्हर उघडा. फेल्ड_काउंट वाढत असेल तर बॅकअप ठीक आहे, आर्काइव्हची कमांड पडतेय. बहुतेक वेळा तिकडची डिस्क भरलेली असते.

इतर डेटाबेसवाल्यांसाठी थोडक्यात

एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस.डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्समध्ये पर्सेंट_कम्प्लीट कॉलम आहे. बॅकअप, रिस्टोअर, डीबीसीसी चेकडीबी, श्रिंक, रोलबॅक (केलेले बदल मागे घेणं), इंडेक्स रीऑर्गनाइझ यांना तो चांगला चालतो. इंडेक्स रीबिल्डला चालत नाही, तिथे शून्यच राहतो. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले चाललेले रीबिल्ड मारलेले मी बघितलेत. रीबिल्डची प्रगती हवी असेल तर रिझ्युमेबल पर्याय घ्या. २०१७ पासून ऑनलाइन रीबिल्डला तो आहे, आणि सिस.इंडेक्स_रिझ्युमेबल_ऑपरेशन्समध्ये खरा टक्का दिसतो. वर मधेच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं, हा बोनस. रिस्टोअरचा टक्का १०० झाला की काम झालं असंही नाही. त्यानंतर रिकव्हरी असते, म्हणजे लॉग पुढे चालवणं आणि अर्धवट ट्रान्झॅक्शन्स मागे घेणं. मोठं ट्रान्झॅक्शन चालू असताना बॅकअप घेतलेला असेल तर ही शेपटी लांबते.

ओरॅकलचा व्ही-डॉलर-सेशन_लाँगऑप्स या बाबतीत उदार आहे: ६ सेकंदांहून जास्त चालणाऱ्या अनेक कामांची नोंद तिथे होते, सोफार, टोटलवर्क आणि टाइम_रिमेनिंगसकट. पण नोंद एका स्कॅनची किंवा एका सॉर्टची असते, तुमच्या पूर्ण स्टेटमेंटची नाही. चाळीस पार्टिशन असलेल्या टेबलावर चाळीस वेळा शंभर टक्के दिसू शकतात. आणि नेस्टेड लूपमध्ये इंडेक्सवरून एकेक रेकॉर्ड उचलणारी क्वेरी तिथे दिवसभर दिसत नाही, कारण तिचं प्रत्येक पाऊल सहा सेकंदांच्या आत संपतं. संपलेल्या नोंदी काही काळ रेंगाळतात, म्हणून सोफार आणि टोटलवर्क वेगळे असलेल्याच नोंदी काढा.

मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून परफॉर्मन्स स्कीमातलं इव्हेंट्स_स्टेजेस_करंट टेबल अल्टर टेबलची प्रगती दाखवतं: वर्क_कम्प्लीटेड आणि वर्क_एस्टिमेटेड. मेख अशी की त्याचा कन्झ्युमर, म्हणजे ही नोंद ठेवणारं सेटिंग, मुळात बंद असतो. अल्टर लावायच्या आधी चालू करा. आणि वर्क_एस्टिमेटेड हा अंदाज आहे, काम चालू असताना तो स्वतःच वाढतो. शेवटी टक्का मागे सरकला तर डोळे चोळू नका. प्रोसेसलिस्टमध्ये 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक' दिसत असेल तर अल्टर सुरूच झालेला नाही. वर त्याच्यामागे साध्या सिलेक्टसुद्धा रांगेत उभ्या राहतात आणि बघता बघता ॲप्लिकेशन ठप्प. तिथे आधी मार्ग अडवून बसलेलं जुनं ट्रान्झॅक्शन शोधा. ते सापडेपर्यंत अल्टर मागे घेतलेला बरा. सुरूच न झालेल्या कामाचा रोलबॅक फुकट असतो.

मारण्याआधी

सगळी कामं अशी फुकट मागे जात नाहीत. पोस्टग्रेसमध्ये इंडेक्सचं बांधकाम किंवा व्हॅक्यूम फुल रद्द केलं तर नव्या फाइल टाकून दिल्या जातात, विषय संपला. वेळ वाया जातो, पण परतीचा प्रवास नसतो. साधा व्हॅक्यूम रद्द केला तर साफ झालेली पानं साफच राहतात, आणि पुढचा व्हॅक्यूम व्हिजिबिलिटी मॅपच्या (कोणती पानं साफ आहेत याच्या नोंदीच्या) आधारे बरीचशी वगळतो. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) मात्र पाच तास चाललेलं मोठं अपडेट मारलं की केलेला प्रत्येक बदल उलटा करावा लागतो. त्याला गेलेल्या वेळेइतका, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. चार तासांचं काम साडेतीन तासांवर मारणाऱ्याला हे सहसा त्यानंतर कळतं.

रोलबॅकही मोजता येतो, त्याच दोन आकड्यांच्या पद्धतीने. ओरॅकलमध्ये व्ही-डॉलर-ट्रान्झॅक्शनमधला यूज्ड_यूब्लॉक उतरत जातो. इनोडीबीमध्ये इनोडीबी_टीआरएक्स टेबलातला टीआरएक्स_रोज_मॉडिफाइड कमी होत जातो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये किल कमांडला स्टेटसओन्ली जोडा. किती उतरलं, किती मिनिटांत, उरलं किती, एवढंच. आणि या काळात कंटाळून सर्व्हर रीस्टार्ट करू नका. रोलबॅक रद्द होत नाही, रीस्टार्टनंतर तो उरलेला हिशेब चुकता करतोच. एसक्यूएल सर्व्हर २०१९ मधल्या ॲक्सिलरेटेड डेटाबेस रिकव्हरीने हे दुखणं बरंच कमी केलंय, पण ती चालू करून ठेवलेली हवी.

पोस्टग्रेसमध्ये मारायचंच तर पीजी_कॅन्सल_बॅकएंड, त्याने ऐकलं नाही तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड. ऑपरेटिंग सिस्टिमवरून किल उणे नऊ कधीच नाही. एक बॅकएंड असा मेला की पोस्टग्रेस सगळीच सेशन्स तोडतो आणि क्रॅश रिकव्हरीत जातो.

पण कन्करंटली बांधला जाणारा इंडेक्स मारला तर तो पूर्ण पुसला जात नाही, आणि आमच्या मूळ प्रश्नातला उरलेला भाग इथेच होता. अर्धवट इंडेक्स टेबलावर तसाच राहतो, पीजी_इंडेक्समध्ये इंडइजव्हॅलिड खोटं असलेला. क्वेरीला त्याचा उपयोग शून्य, पण प्रत्येक इन्सर्टला त्यातही लिहावं लागू शकतं. त्या पहाटे इंडेक्स पूर्ण झाल्यावर मी इंडइजव्हॅलिड खोटं असलेले इंडेक्स शोधले. त्याच टेबलावर तीन सापडले, नावाच्या शेवटी एक, दोन आणि तीन लावलेले. प्रत्येक आठवड्याला आधीचं नाव 'आधीच आहे' म्हणून नाकारलं गेलं होतं आणि कोणीतरी पुढचा आकडा जोडून काम पुढे ढकललं होतं. तिन्ही ड्रॉप इंडेक्स कन्करंटलीने काढले, आणि 'महिनाभरापासून इन्सर्ट मंदावलेत' असं जे दुसरं तिकीट उघडं होतं, ते त्याच सकाळी बंद झालं.